न चढलेला जिना

वर्तमानपत्राच्या ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण बसलं होतं मात्र अगदी चपखल. समोरचा माणूस कितीही गुळगुळीत बोलणारा असो, टाचणी शांतपणे एक साधासा प्रश्न टोचायची आणि त्याच्या फुग्यातली हवा फुस्स व्हायची. भल्याभल्या पुढाऱ्यांनी तिच्यासमोर घाम पुसला होता. एका नामांकित नटाने तर पोट बिघडल्याचं निमित्त करून मुलाखत अर्ध्यावर टाकली होती आणि मागच्या दाराने पोबारा केला होता. अशी ही टाचणी त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारासमोर उभी होती, आणि बेल दाबायला तिचं बोट काही पुढे होत नव्हतं.

दारापलीकडे बाई राहत होत्या. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाई. वाचणाऱ्या मंडळींत नुसतं 'बाई' म्हटलं की पुरे, पुढे आडनाव लावायची गरज पडत नसे. टाचणीने शाळेत असताना त्यांची पहिली कादंबरी गणिताच्या पुस्तकात लपवून वाचली होती आणि त्या सहामाहीत गणितात सपाटून आपटली होती. त्याचं तिला आजतागायत वाईट वाटलेलं नव्हतं. बाईंचं प्रत्येक पुस्तक तिने विकत घेतलं, सहसा कुणाला वाचायला दिलं नाही, आणि एका जिवलग मैत्रिणीने मागून नेलेलं परत केलं नाही म्हणून ती मैत्रीण सोडली.

पण गेली कित्येक वर्षं बाईंचं नवं पुस्तक आलं नव्हतं. मुलाखती त्या मुळातच देत नसत. "सांगायचं ते पुस्तकात सांगून झालंय," एवढं बोलून फोन ठेवत. अशा बाईंनी स्वतः ऑफिसात फोन केला आणि म्हणाल्या, "ती टोचणारी मुलगी आहे ना तुमच्याकडे, तिला पाठवा." संपादकांना आनंदाने ठसका लागला. निघताना त्यांनी टाचणीला एकच बजावलं, "बाई संपल्या का, तेवढं काढून आण. संपल्या असतील तर पहिलं पान, नसतील तर रविवारची पुरवणी." संपादक मनाने वाईट नव्हते, पण पानं भरायची म्हटली की माणसाचं काळीज जरा आक्रसतंच.

शेवटी टाचणीने बेल दाबली. दार उघडलं ते बाईंच्या थोरल्या बहिणीने, तिने खिडकीतून टाचणीला येताना पाहिलं असावं. उंच, ताठ, डोळ्यांत परीक्षेच्या हॉलवर फिरणाऱ्या माणसाची नजर. लोक "या, बसा" म्हणतात त्या सुरात ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही. ओरडू नका, उपयोग नाही. चपला तिकडे." ही ताई जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेली. हजारो उत्तरपत्रिका तिच्या लाल पेनाखालून गेलेल्या. दोघी बहिणी एकत्र राहायला लागल्या त्यालाही आता बराच काळ लोटला होता. टाचणीला खुर्ची दाखवून ताई खिडकीपाशी बसली आणि लोकरीचं काहीतरी विणू लागली. ते नेमकं काय होणार होतं, हातमोजा की टोपी, ते विणणारीलाही ठाऊक असावं असं वाटत नव्हतं.

मग बाई आल्या. टाचणीला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्याच बुटक्या. कोपरांवर विरलेला स्वेटर, गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा आणि कपाळावर दुसरा चष्मा. टाचणी उठून उभी राहिली आणि तिच्या तोंडून नमस्काराऐवजी "थँक्यू" निघालं. आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर ती लाल झाली.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "विचारा. टोचता म्हणतात ना तुम्ही?"

टाचणीने वही उघडली आणि टोचलं. "बाई, तुम्ही लिहिणं थांबवलंत का?"

बाई हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, खूश झाल्या. नमनाला घडाभर तेल घालणारी माणसं त्यांना मुळी खपत नसत. त्यांनी कपाट उघडून फडक्यात बांधलेला एक गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

"थांबवलेलं नाही. ही झालीय. एकदा झाली, मग परत झाली, मग आणखी एकदा झाली. आज संध्याकाळी प्रकाशकाचा माणूस न्यायला येणार आहे, आणि द्यायची की नाही ते माझं अजून ठरत नाहीये. आज नाही दिली तर ती कपाटातच राहील, हे मला पक्कं माहीत आहे. पुन्हा काढून पुन्हा सगळं करायला आता अंगात दम नाही. तर तुम्हाला थोडी वाचून दाखवते. मग तुमचे प्रश्न. छापून येईपर्यंत यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये, एवढी अट."

"मला कशाला?" टाचणीने विचारलं.

"तुम्ही तोंडदेखलं बोलत नाही असं ऐकलंय म्हणून."

आता इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. टाचणीला ती माहीत नव्हती आणि आपल्यालाही माहीत नसली तर पुढचा घोळ कळायचा नाही. बाईंची प्रत्येक कादंबरी छापायला जाण्याआधी एकाच माणसाला वाचून दाखवली जायची, ती म्हणजे या ताईला. ताई विणत बसायची आणि बाई खाली मान घालून वाचायच्या. वाचताना त्या कधी वर बघत नसत, कारण तोंड खोटं बोलतं अशी त्यांची खात्री होती. त्या फक्त सुयांचा आवाज ऐकत. लोखंडी सुया टिकटिक टिकटिक चालू असल्या की बाई समजत, मजकूर चाललाय आपला, पाण्यावर तेल पसरावं तसा, आत काही शिरत नाहीये. आणि कुठेतरी सुया थांबल्या, टाका अर्धा राहिला, की तिथे बाई मनात खूण करत. जिथे सुया थांबल्या नाहीत ती प्रकरणं फाडली गेली. बाईंच्या ज्या ज्या पानांवर लोक रडले, ती सगळी पानं आधी या खिडकीपाशी एका टाक्याने अडवलेली होती.

मग ताईचे कान गेले. हळूहळू गेले आणि एक दिवस पूर्ण गेले. "वाच की स्वतः," असं बाईंनी तिला म्हणून पाहिलं होतं. पण हातात कागद आला की ताईच्या अंगात परीक्षक संचारायचा. पहिल्याच पानावर तिने समासात लिहिलं, 'मुद्दा स्पष्ट नाही', आणि खाली दहापैकी सहा मार्क दिले. दोघी बहिणी त्यावरून आठवडाभर बोलत नव्हत्या. त्यामुळे ही नवी कादंबरी अजून कुणी ऐकलेलीच नव्हती.

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खाली मान घालून वाचायला सुरुवात केली.

गोष्ट दोन भावांची होती. एकाच घरात थोरला तळमजल्यावर आणि धाकटा वरच्या मजल्यावर राहतो. मधे एक जिना आणि वर्षानुवर्षांचा अबोला. दोन्ही मजल्यांना पाणी एकाच नळाचं. वरच्याने नळ सोडला की खालच्याची धार बारीक होते. त्या बारीक होणाऱ्या धारेवरून थोरल्याला सगळं कळतं, धाकटा उठला, अंघोळीला गेला, भांडी घासायला बसला. शब्द नसला तरी पाण्याने दोघांचा संसार एकमेकांत मिसळलेला. आणि मग एक दिवस थोरला नळ सोडतो, तर धो धो पाणी. दुपारी धो धो, संध्याकाळी धो धो. वरच्याने दिवसभरात नळाला हात लावलेला नाही. थोरल्याला कळायचं ते कळतं, वरच्याने अंथरूण धरलंय. तो हंडा भरतो. मग बादल्या भरतो, पातेली भरतो, घरातल्या वाट्यासुद्धा भरतो. पाय ठेवायला जागा उरत नाही एवढं पाणी भरतो, आणि जिना चढत नाही.

बाईंचा आवाज साधा होता. त्या अभिनय करत नव्हत्या, यादी वाचावी तसं वाचत होत्या, आणि त्यामुळेच ते अंगावर येत होतं. टाचणी जिवाचा कान करून ऐकत होती. आणि जिवाच्या आकांताने लिहीत होती. एक वाक्य निसटू नये, एक शब्द सांडू नये, म्हणून तिचं पेन कागदावर खरखर खरखर धावत होतं. वाट्यांचं वाक्य आलं तेव्हा तर ती वेड्यासारखी लिहीत सुटली. हात थांबला की आपलं काहीतरी फुटेल अशी तिला भीती वाटत होती. गुरूसमोर बसलेल्या शिष्याने अक्षर न् अक्षर टिपून घ्यावं, यापेक्षा मोठा आदर तो कुठला? बिचारीला काय ठाऊक, की आपल्या आदराचा एकेक खरखराट समोरच्या म्हातारीच्या काळजावर सुरी चालवतोय.

हंडे भरून झाले तिथे बाई थांबल्या. पान मिटलं. मग गठ्ठा फडक्यात बांधला, गाठ मारली, आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "चला, चहा टाकते. त्या माणसालाही फोन करून सांगते, आज येऊ नका म्हणून."

टाचणी उडालीच. "का? बाई, काय झालं?"

"काही नाही हो. तुमचा काय दोष त्यात? नाही जमलं. होतं असं."

"पण अप्रतिम आहे! मी असं काही..."

"आजाऱ्यालासुद्धा लोक म्हणतात, चेहरा टवटवीत दिसतोय," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

टाचणी खोलीच्या मधोमध उभी. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या फुग्यातली हवा काढणारी, आज स्वतःचाच फुगा कुठे फुटला ते तिला कळेना. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला.

"इकडे ये."

ताईने विणकाम मांडीवर ठेवलं होतं. तिने टाचणीला सगळं सांगितलं. आवाज न ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा, जरा मोठा आणि एका सुरातला. सुयांचं सांगितलं, फाडलेल्या प्रकरणांचं सांगितलं, सहा मार्कांचं मात्र गाळलं. "तुझा हात एकदा तरी थांबला का? मी बघत होते. नाही थांबला. मग ती काय समजणार?"

टाचणीने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! मी तर आवडलं म्हणून लिहीत होते!" ताईने तिचे ओठ वाचले असावेत, किंवा कपाळावरचा हात.

"ते मला दिसलं. ती मान खाली घालून वाचते, तिला तोंड दिसत नाही. मला तेवढंच दिसतं. तू रडत होतीस."

"नाही, मी कुठे..." टाचणी मान हलवू लागली.

"मी बहिरी आहे, आंधळी नाही. जा आत. मी सांगितलं तर म्हणेल, ताई माया करते म्हणून बोलते. आणि कौतुक करू नकोस. कौतुक तिला पोत्याने मिळालंय, त्याने काही होत नाही."

टाचणी स्वयंपाकघराच्या दारात गेली. ओट्यावर चहाचं आधण ठेवलेलं, आणि बाई फोन हातात धरून, दुसरा चष्मा लावून, नंबर शोधत होत्या. चेहरा शांत होता. आपल्या वेंधळेपणामुळे हे पुस्तक आता कपाटात जाणार, आणि ज्या बाईने आपल्याला वाचायला शिकवलं तिच्यावर शेवटचा घाव आपण घातला! कौतुक करायचं नाही, मग बोलायचं काय? ती तोंड उघडून उभी राहिली आणि तिच्याही नकळत तोंडातून जे बाहेर पडलं, ते असं:

"पण तो वर का नाही गेला?"

बाईंचं बोट फोनवर थबकलं. "कोण?"

"कोण म्हणजे? तो! थोरला! एवढे हंडे भरले, बादल्या भरल्या, वाट्यासुद्धा भरल्या मेल्याने! त्यापेक्षा जिना चढला असता तर काय पाय मोडले असते?"

"माणसं चढत नाहीत," बाई म्हणाल्या.

"का नाही चढत? वर सख्खा भाऊ पडलाय!"

"म्हणून तर चढत नाहीत. परका असता तर केव्हाच गेला असता धावत."

"हे तुम्ही लेखक लोक काहीही सांगता! शोभून दिसतं म्हणून!" टाचणी आता पुरती पेटली होती. समोर कोण उभं आहे हे ती साफ विसरली होती. "शोभतं पानावर. वर जो पडलाय त्याला विचारा. मी पडले होते! ऑपरेशन झालं तेव्हा माझा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. रोज डॉक्टरांना फोन करायचा. ड्रायव्हरबरोबर फळं पाठवायचा, एवढी फळं की अख्खा वॉर्ड खात होता! पण आला नाही. एकदासुद्धा नाही. आणि भांडण कशावरून, तर ते आता आम्हाला दोघांनाही धड आठवत नाही!"

आधण उकळून वर आलं आणि चर्रकन शेगडीवर सांडलं. बाईंनी बघितलंसुद्धा नाही. फोन ओट्यावर ठेवून त्या टाचणीकडे टक लावून बघत होत्या.

"फळं कसली?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"फळं कसली पाठवायचा?"

टाचणीचा राग क्षणभर अडखळला. "द्राक्षं. काळी, बिनबियांची. लहानपणी बी गिळलं की पोटात वेल उगवेल म्हणून मी रडायचे. ते त्याच्याशिवाय कुणाला..." तिथेच, त्या सांडलेल्या चहापाशी, मंत्र्यांना घाम फोडणारी टाचणी हुंदके देऊन रडू लागली.

बाईंनी गॅस बंद केला. पदर नव्हता, रुमाल सापडेना, म्हणून स्वेटरच्या बाहीनेच त्यांनी तिचे डोळे पुसले. "म्हणजे हंडेच ते," त्या हळूच म्हणाल्या. "अगं वेडे, हंडेच भरत होता तो." अहोजाहो कधीच गळून पडलं होतं.

"पुढे काय होतं?" टाचणीने नाक ओढत विचारलं. "जातो का शेवटी वर?"

बाईंनी तिला हाताला धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं आणि गठ्ठ्याची गाठ सोडली. ताईने विणकाम पुन्हा हातात घेतलं होतं आणि ती आळीपाळीने दोघींचे चेहरे बघत होती. बाईंनी तळाचं पान वर काढलं, पण वाचलं नाही. सांगितलं.

"वरचा बरा होतो. एके सकाळी नळाची धार पुन्हा बारीक होते. थोरला ती बघतो, आणि त्या धारेखाली हात धरून उभा राहतो. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच."

टाचणीच्या डोळ्यांपुढे तो हात होता, आणि त्यावरची ती बारीक धार. एवढं सुंदर तिने आजवर काही ऐकलं नव्हतं, आणि एवढा राग तिला आजवर कशाचा आला नव्हता.

बेल वाजली. ताईला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून टाचणीच उठली. दारात प्रकाशकाचा माणूस, तीन जिने चढून धापा टाकत, काखेत रिकामी पिशवी. "द्यायचं ठरलं का बाई? नाही म्हणजे, साहेब म्हणाले, नसेल ठरलं तर चहा पिऊन परत ये."

बाई टाचणीकडे बघत होत्या, आणि आयुष्यात क्वचितच दिसलं असेल असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि शेवटच्या पानावर वाकल्या.

"दोन ओळींचं काम आहे," त्या म्हणाल्या. "चढवते त्याला. धार बारीक झाली, तो हात पुसतो आणि जिना चढतो. बोल. तुझ्यासाठी चढवते."

त्या थट्टा करत नव्हत्या. पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं. प्रकाशकाचा माणूस काही न कळून दारात उभा होता, आणि खिडकीतल्या ताईच्या सुया हवेतच राहिल्या होत्या. टाचणीने फक्त 'हो' म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर निदान एका घरात, निदान कागदावर, एक भाऊ वर आला असता, दार लोटलं असतं आणि विचारलं असतं, कसं आहे आता. तिला ते किती हवं होतं ते शब्दांत सांगण्यासारखं नाही.

"नको," ती म्हणाली.

"नको?"

"चढवलात तर मला बरं वाटेल, बाई. पण मग ती दुसऱ्या कुणाच्या तरी भावाची गोष्ट होईल."

बाईंनी पेनाला टोपण लावलं, पानं टेबलावर आपटून सारखी केली आणि फडक्यात बांधली.

"पूर्ण झाली म्हणायची का?" त्या माणसाने पिशवी उघडून धरत विचारलं.

"आत्ता झाली," बाई म्हणाल्या, आणि गठ्ठा त्यांनी टाचणीच्या हातात दिला. तिनेच तो नेऊन त्याच्या पिशवीत ठेवला.